दुसरा नंबर कुणाचा?

कॅरीमधल्या देशी वाणसामानाच्या दुकानासमोर एक बुटकी भिंत आहे. शनिवारी संध्याकाळी भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून आम्ही चार-पाच मराठी मंडळी तिच्यावर बसतो आणि तिला कट्टाच म्हणतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या या भागात ड्यूक, यूएनसी (नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ) आणि एनसी स्टेट ही तिन्ही विद्यापीठे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एसीसीच्या, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठ-संघांच्या गटाच्या, बास्केटबॉलविषयी मत नसलेला माणूस इथे सापडणे कठीण. परवा या कॉन्फरन्समधील आजवरच्या मुख्य प्रशिक्षकांची क्रमवारी लावायला आम्ही बसलो.

पहिल्या क्रमांकाला फार वेळ लागला नाही. माइक शशेफ्स्की यांनी ड्यूकमध्ये ४२ हंगाम काढले, पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि कारकिर्दीत एकूण १२०२ सामने जिंकले. यूएनसीत शिकलेल्या बंड्यानेही ते नाक मुरडत मान्य केले. मात्र २०२२ मध्ये त्यांचा अखेरचा सामना फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, यूएनसीनेच ८१-७७ असा जिंकला होता, याची नोंद व्हावी असा त्याचा आग्रह होता.

खरी जुंपली ती दुसऱ्या क्रमांकावरून. नानांचे म्हणणे असे की, रॉय विल्यम्स यांनी यूएनसीला २००५, २००९ आणि २०१७ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली, तर त्यांचे गुरू आणि यूएनसीचेच आधीचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या नावावर १९८२ आणि १९९३ अशी दोनच आहेत. एकूण विजयही ९०३ विरुद्ध ८७९, तेव्हा वाद कसला? त्यावर बंड्या म्हणाला, “नाना, त्या ९०३ मधले ४१८ विजय त्याआधीच्या कॅन्सस विद्यापीठातले आहेत, ते तुम्ही एसीसीच्या खात्यावर कसे मांडता? शिवाय स्मिथ १९६१ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९७४ पर्यंत प्रत्येक कॉन्फरन्समधून एकच संघ एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत जात असे. एसीसीच्या स्पर्धेत एक सामना हरला की राष्ट्रीय विजेतेपदाचा विषयच संपला.”

नानांनी मग ठेवणीतले अस्त्र काढले, ते म्हणजे स्मिथ यांचे ‘फोर कॉर्नर्स’. चार खेळाडू चार कोपऱ्यांत, मधला एकटा चेंडू आपटत फिरतोय आणि प्रेक्षक जांभया देताहेत! १९८२ च्या एसीसी अंतिम सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध गुणफलक ४७-४५ वर थांबला तो याच वेळकाढूपणामुळे. आरोप खरा आहे, पण मला तो स्मिथ यांच्या बाजूचाच पुरावा वाटतो. नियमात जे बसत होते ते त्यांनी पुरेपूर वापरले. १९८५-८६ पासून ४५ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकायला लावणारे शॉट क्लॉक आल्यावर ते डावपेच सोडून दिले आणि घड्याळाच्या धाकातही १९९३ चे विजेतेपद जिंकले.

वहिनींना आकड्यांत रस नव्हता. त्यांनी आठवण करून दिली ती स्मिथ यांच्या मृत्युपत्राची. २०१५ मध्ये ते गेले आणि त्यांच्या हाताखाली खेळलेल्या सुमारे १८० खेळाडूंना प्रत्येकी २०० डॉलरचा धनादेश घरी आला, एकदा बाहेर छान जेवून या म्हणून. नाना काही क्षण गप्प बसले आणि मग म्हणाले, “हे गुण माणसाला द्या, प्रशिक्षकाला नाही.” मला ही फारकत पटत नाही. बास्केट झाल्यावर पास देणाऱ्याकडे बोट दाखवून त्याचे आभार मानायची सवय ज्याने खेळाडूंना लावली, त्याचे प्रशिक्षण आणि त्याचा स्वभाव वेगळे काढायचे कसे? दुसरे स्मिथ, तिसरे विल्यम्स असे बहुमताने ठरले. नानांचा विरोध नोंदवला.

चौथ्या जागी टोनी बेनेट बिनविरोध आले. २०१८ मध्ये सोळाव्या, म्हणजे तळाच्या, मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून ७४-५४ अशी नाचक्की पत्करून पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाला विजेतेपद मिळवून देणारा दुसरा कोण आहे?

मग बंड्याने खोडसाळपणे विचारले, ड्यूकचे हल्लीचे जॉन शायर कुठे बसवायचे? तिसऱ्याच हंगामात, २०२५ मध्ये, त्यांनी फायनल फोर गाठली. नाना पिशवी उचलता उचलता म्हणाले, “शशेफ्स्कींचा ड्यूकमधला तिसरा हंगाम आठव. अकरा विजय, सतरा पराभव. तेव्हा आपण यादी करायला बसलो असतो, तर त्यांना तळाशीच टाकले असते.” शायर यांची जागा आम्ही कोरी ठेवली.