आमदारांना बाळंतपणाची रजा नसते

‘आमदार बाईंना सहा महिने भरपगारी रजा मिळते, तरी फोटोसाठी तान्हं बाळ घेऊन नागपूर गाठलं.’ नाशिकजवळच्या देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला गेल्या होत्या, त्या फोटोखाली हा मजकूर पुन्हा फिरतोय. सिडकोतल्या एका भजनी मंडळाच्या ग्रुपवरून तो माझ्या आईकडे आला आणि तिनं खरा मानून आणखी दोघींना पाठवला. त्याच मेसेजमध्ये पुढं लिहिलंय की बाया आरक्षणातून येतात, घराण्यामुळं येतात आणि त्यांचा निधी नवऱ्यांच्या खिशात जातो.

रजेचं आधी. सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मातृत्व लाभ कायद्यानं मिळते. तो कायदा १९६१ चा, त्यातले सव्वीस आठवडे २०१७ च्या दुरुस्तीतले. तो नोकरदार बाईसाठी आहे. आमदार कुणाच्या नोकरीत नसतो, त्याला मालक नसतो, म्हणून हा कायदा त्याला लागत नाही. आमदाराच्या गैरहजेरीचा नियम थेट राज्यघटनेत आहे, कलम १९० (४) मध्ये: सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिलं, तर सभागृह ती जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. अधिवेशन संस्थगित, म्हणजे संपवलेलं, असतानाचे किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकुबीचे दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे दहा-बारा दिवसांचं हिवाळी अधिवेशन चुकवलं म्हणून आमदारकी जात नाही, परवानगीही मागता येते. वेतनही कापलं जात नाही, हेही मान्य. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, आणि ते पुरुष आमदारांनाही तसंच लागू आहे.

पण परवानगी मिळाली तरी मत कोण देणार? कलम १८९ सांगतं की निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमतानं होतात. घरून मत देता येत नाही, दुसऱ्याच्या हातीही पाठवता येत नाही. उपप्रश्न विचारायचा तर स्वतः जागेवर उभं राहावं लागतं. अंगावर पिणारं अडीच महिन्यांचं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं आणि नाशिकहून नागपूर सहाशे किलोमीटरच्या वर आहे. मग एकतर बाळ सोबत न्यायचं, नाहीतर देवळालीचा आवाज त्या अधिवेशनापुरता बंद ठेवायचा. त्यांनी बाळ नेलं. याला नाटक म्हणणाऱ्यानं तिसरा रस्ता सांगावा.

विधानभवनातल्या हिरकणी कक्षाचा, म्हणजे बाळाला दूध पाजायच्या खोलीचा, प्रश्न त्यानंतर जोरात पुढं आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात त्याच बाईंनी कक्षात धूळ आहे, सोयी नाहीत अशी जाहीर तक्रार केली. दाराला नुसती पाटी लावून हिरकणी कक्ष होत नाही. आतून कडी लागणारं दार, पाठ टेकायला खुर्ची, हात धुवायला पाणी, स्वच्छ पलंग आणि बाळाजवळ थांबायला एक माणूस लागतो. शिवाय खोली सभागृहाच्या इतक्या जवळ हवी की मतदानाची घंटा आत ऐकू येईल. दारं बंद झाली की उशिरा धावत आलेल्या आईचं मत जातं.

आरक्षणाचं म्हणणं तर साफ चूक. देवळाली राखीव आहे ती अनुसूचित जातींसाठी, महिलांसाठी नव्हे. देवयानी फरांदे नाशिक मध्यमधून आणि सीमा हिरे नाशिक पश्चिममधून २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही वेळा खुल्या जागांवर निवडून आल्या. महिलांना निम्म्या जागा आहेत त्या महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतींत. विधानसभेसाठीचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, पण या तिन्ही निवडणुकांत महिलांसाठी एकही जागा राखीव नव्हती.

घराण्याचं अर्धं खरं आहे, नाकारत नाही. दिंडोरीच्या माजी खासदार डॉ. भारती पवार या माजी मंत्री ए. टी. पवारांच्या सूनबाई, इगतपुरीच्या माजी आमदार निर्मला गावित या माजी खासदार माणिकराव गावितांच्या कन्या. पण २०१९ मध्ये सरोज अहिरेंनी हरवलं ते योगेश घोलपांना, आणि त्यांचे वडील बबनराव घोलप त्याच देवळालीचे अनेक वर्षं आमदार होते. तेव्हा मुलगा वडिलांच्या जागेवर उभा राहिला म्हणून असा मेसेज कुणी फिरवला नाही.

आमदार निधीचं, म्हणजे मतदारसंघातल्या कामांच्या पैशाचं, म्हणाल तर आमदाराच्या हातात रोकड येतच नाही, मग नवऱ्याच्या हातात कुठून येणार? आमदार पत्र देऊन काम सुचवतो. बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा महापालिका अंदाजपत्रक करून तांत्रिक मान्यता देते, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, निविदा निघते, काम मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदतात आणि बिल ठेकेदाराला जातं. गडबड होते ती बहुधा मोजमापात आणि ठेकेदार निवडताना, मग आमदार बाई असो की पुरुष. एखाद्या रस्त्याबद्दल खरंच शंका असेल, तर मेसेज पुढं ढकलण्याऐवजी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. प्रशासकीय मान्यतेचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेकडे मागा आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत काम करणाऱ्या यंत्रणेकडे. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.