‘फुकटचं सॉफ्टवेअर शिकवून फी घेतात’ या अभिप्रायाला क्लासतर्फे उत्तर

नमस्कार सर,

आमच्या कॅड क्लासबद्दलचा (कॅड म्हणजे संगणकावर यंत्राच्या पार्टची मॉडेलं आणि ड्रॉइंग काढणं) तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. नोकरी सांभाळून, क्षेत्र बदलायचं म्हणून तुम्ही वेळ आणि पैसा घातलात आणि नाराज होऊन गेलात, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. बॅचच्या वेळेबद्दल लिहिलंत त्याची नोंद घेतली आहे, त्यात सुधारणा होईल.

बाकीच्या तक्रारी अशा: फ्रीकॅड हे ‘फुकटचं’ सॉफ्टवेअर शिकवून आम्ही फी घेतली, सुरुवातीचे वर्ग रेघा आणि चौकोन काढण्यात घालवले, कंपन्यांत चालणारं विकतचं सॉलिडवर्क्स शेवटी शेवटी दाखवलं, आणि सर्टिफिकेट अडवून ठेवलं. हे वाचून उद्या कुणी चौकशीलाही येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहावं लागतंय.

आधी ‘फुकटचं’. पूर्ण व्यावसायिक लायसन्स स्वतःच्या खिशातून घेणं शिकणाऱ्याला परवडत नाही. मग स्वस्तातले मार्ग कोणते उरतात? ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीचं शैक्षणिक लायसन्स मोफत असतं, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत शिकत असल्याचा पुरावा लागतो. नोकरी करता करता क्षेत्र बदलणाऱ्या माणसाकडे तो बहुधा नसतो. त्यांच्याच फ्यूजन या सॉफ्टवेअरची वैयक्तिक वापराची आवृत्ती मोफत आहे, पण ती घरगुती, बिनव्यावसायिक कामासाठी आहे आणि तिच्यात एका वेळी १० च फाइली संपादनासाठी खुल्या ठेवता येतात. पैसे घेऊन चालवलेल्या क्लासच्या मशीनवर ती बसवणं आम्हाला शोभणारं नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, जुन्या लॅपटॉपवरही चांगलं चालतं, मात्र मोफत खात्यातली तुमची सगळी मॉडेलं जगाला दिसतात. सॉलिड एजची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे, पण तिच्यातली फाइल व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाही. सॉलिडवर्क्सच्या हौशी वापरासाठीच्या मेकर आवृत्तीचीही हीच अडचण. फ्रीकॅडला यातली एकही अट नाही. ते घरी बसवा, क्लासमध्ये बसवा, उद्या त्यात पैसे घेऊन काम करा, कोणी विचारणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि असेम्ब्लीसाठी, म्हणजे अनेक पार्ट एकत्र बसवण्यासाठी, वेगळं ॲड-ऑन शोधत बसण्याची गरजही संपली. फी सॉफ्टवेअरची नाहीच सर. समोर बसून तुमची चूक दाखवणाऱ्याची आहे.

आता रेघा आणि चौकोन. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हेच लागलं, कारण पूर्ण कोर्सचा कणा तिथे आहे.

स्केच म्हणजे पार्टचा सपाट आराखडा. त्यातल्या प्रत्येक सुट्या रेघेला ४ स्वातंत्र्यं असतात, म्हणजे दोन्ही टोकं आडवी आणि उभी सरकू शकतात. चार रेघांची झाली १६. कोपरे जोडले की ८ उरतात. दोन रेघा आडव्या, दोन उभ्या केल्या की ४. उरलेल्या चारांपैकी दोन म्हणजे लांबी आणि रुंदी, आणि दोन म्हणजे चौकोन पानावर नेमका कुठे बसतो ते. कर्णावरचे दोन कोपरे मूळबिंदूभोवती सिमेट्रिक केले की जागेची दोन गेली. ८० आणि ६० ही दोन मापं दिली की शून्य. फ्रीकॅडमध्ये स्केच तेव्हा हिरवं होतं, सॉलिडवर्क्समध्ये निळ्याचं काळं होतं. रंग बदलायच्या आधी पुढे जायचं नाही, हा नियम पहिल्या वर्गापासून सांगितला जातो आणि तो कंटाळवाणा वाटतो हेही मान्य आहे. पण तो पाळला नाही की काय होतं? मॉडेल दिसायला छान दिसतं, आणि साहेबांनी एक माप बदलायला सांगितलं की वेडंवाकडं होतं.

हेच तपासायला एल-ब्रॅकेटचा सराव आहे, म्हणजे एक आडवी तळपट्टी आणि तिच्यावर एक उभी पट्टी. तळपट्टी ८० बाय ६० बाय १०, तिच्यात एम८ (८ मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट आरपार जाण्यासाठी ९ मिलिमीटरची दोन भोकं, दोघांत ५० अंतर. उभ्या पट्टीत २५ एच७ चं भोक (एच७ ही मापात किती फरक चालेल त्याची खूण). मॉडेल झालं की आम्ही ८० चं १०० करायला सांगतो. भोकं उभ्या अक्षाभोवती सिमेट्रिक ठेवली असतील तर ती मध्येच राहतात. डावं भोक डाव्या कडेपासून १५ वर आणि उजवं भोक डाव्यापासून ५० वर अशी मापं दिली असतील, तर सगळी जोडी १० मिलिमीटर डावीकडे सरकते. आणि गंमत म्हणजे सॉफ्टवेअर एकही चूक दाखवत नाही. मापाला माप जुळतं, पार्ट मात्र भंगारात जातो.

दुसरी नेहमीची पडझड फिलेटची, म्हणजे गोल केलेल्या कडेची. कडा गोल करण्याची घाई झालेली असते, मग आधीचं स्केच बदललं की फिलेट ज्या कडेवर दिला ती कडच सॉफ्टवेअरला ओळखू येत नाही आणि ट्रीमध्ये (मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत) लाल खूण येते. फ्रीकॅड १.० मध्ये हा त्रास बराच कमी झालाय, संपलेला नाही. महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तो वेगळ्या रूपात भेटतोच. म्हणून स्केच शक्यतो सॉफ्टवेअरने दिलेल्या मूळ प्लेनवर (पातळीवर) काढायचं आणि फिलेट-चॅम्फर (गोल आणि तिरक्या कापलेल्या कडा) शेवटी द्यायचे.

सॉलिडवर्क्स शेवटी का? आमच्याकडे त्याच्या रीतसर विकत घेतलेल्या जागा (लायसन्स) मोजक्या आहेत, आणि एका जागेवर एकच माणूस बसतो. जो हात आधी तयार होऊन येतो त्याचा तिथला वेळ कामी येतो. फ्रीकॅडमधलं पॅड (स्केचला जाडी देणं) तिथे एक्सट्रूडेड बॉस होतं, पॉकेट (स्केचच्या आकाराचं कापणं) एक्सट्रूडेड कट होतं, ग्रूव्ह (गोल फिरवून कापणं) रिव्हॉल्व्ह्ड कट, कन्स्ट्रेंटला (स्केचवरच्या बंधनाला) रिलेशन म्हणतात आणि टेकड्रॉ या ड्रॉइंग काढायच्या भागाच्या जागी ड्रॉइंग येतं. बटणांच्या जागा सवयीने पाठ होतात. मुलाखतीत बहुतेक वेळा कागदावरचं ड्रॉइंग हातात देतात, मॉडेल करायला सांगतात आणि वस्तुमान विचारतात. वरची तळपट्टी स्टीलची, घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर भोकांशिवाय सुमारे ३७७ ग्रॅम भरते, दोन भोकं पाडल्यावर ३६७. तुमचा आकडा ३७७ आला तर भोकं काढायचीच राहिली, आणि दोन्हींच्या मधला आला तर ती आरपार गेलेली नाहीत, हे समोरच्याला स्क्रीन न बघता कळतं.

तुम्ही वेगळ्या क्षेत्रातून येताय म्हणून ड्रॉइंग वाचनावर आम्ही मुद्दाम जोर दिला. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या ड्रॉइंगवर बाजू मांडायच्या दोन पद्धतींच्या खुणेत घोळ झाला की डावी बाजू उजवीकडे जाते. २५ एच७ म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ च्या आत, आणि त्यात फिरणारा शाफ्ट (दांडा) जी६, म्हणजे शाफ्टसाठीची तशीच खूण, असेल तर २४.९८० ते २४.९९३. मॉडेलमध्ये दोन्ही २५ च काढायचे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ड्रॉइंगवर लिहायचा. तो लिहिला नाही तर वर्कशॉप आपल्या अंदाजाने पार्ट करून देतं आणि दोष त्यांचा नसतो. हे तुम्हाला ‘विषयाबाहेरचं’ वाटलं असं तुम्ही लिहिलंय. वाईट वाटलं वाचून.

सर्टिफिकेटबद्दल लिहायचं नव्हतं, पण तुम्हीच जाहीरपणे लिहिलंत. तुम्ही दिलेल्या ब्रॅकेटच्या फाइलमध्ये ट्रीत एकच सॉलिड आहे. खाली स्केच नाही, पॅड नाही, पॉकेट नाही. दुसरीकडची स्टेप फाइल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याची) आयात केली की असंच दिसतं, कारण स्टेपमध्ये आकार येतो, तो कसा घडवला ते येत नाही. त्यामुळे ८० चं १०० करून बघायला आत मापच नव्हतं. ती फाइल कुठून आली हे आम्ही तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. फक्त सराव पूर्ण झाला असं त्यावरून म्हणता येत नाही, एवढंच.

पेनड्राइव्हवर सॉलिडवर्क्सचं ‘फुल व्हर्जन’ द्यायला नकार दिला, हा तुमचा राग समजू शकतो. क्रॅक केलेली आवृत्ती आम्ही कोणालाच देत नाही. तो चोरीचा माल आहे हे एक. त्यातून व्हायरस आला तर लॅपटॉपवरचं सगळंच जातं. शिवाय अशी आवृत्ती बहुधा जुनी असते आणि नव्या सॉलिडवर्क्सची फाइल जुन्यात सहसा उघडत नाही, म्हणजे कंपनीने पाठवलेली फाइल घरी उघडेलच असं नाही. आणि कंपनीच्या मशीनवर चुकून ती बसवलीत, तर नवीन नोकरी जायला तेवढं एक कारण पुरतं.

लॅपटॉपवर मॉडेल ‘अडकतं’ असंही तुम्ही म्हणता. टचपॅडवर मॉडेल फिरवणं हा छळच आहे. मधलं चाक दाबता येईल असा साधा तीन बटणांचा माउस आणा, हे प्रवेशाच्या दिवशी दिलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे. रॅम ८ जीबी असेल तर ब्रॅकेटसारख्या एकेका पार्टला पुरते. मोठ्या असेम्ब्लीसाठी १६ हवी. वेगळं ग्राफिक्स कार्ड शिकताना लागत नाही, त्यावर आत्ताच खर्च करू नका.

यापुढे कोणत्या टप्प्याला कोणतं सॉफ्टवेअर वापरणार ते माहितीपत्रकात जास्त ठळक लिहू. सॉलिडवर्क्सच्या जागा वाढवता येतात का तेही बघतोय, जमेल तसं.

तुमचं सर्टिफिकेट रद्द केलेलं नाही. ब्रॅकेट स्वतः पुन्हा काढा: आधी तळपट्टीचं स्केच, हिरवं झाल्यावर १० चं पॅड, मग भोकांचं स्केच अक्षाभोवती सिमेट्रिक ठेवून पॉकेट थ्रू ऑल (आरपार), मग उभी पट्टी, फिलेट सगळ्यात शेवटी. फ्रीकॅडची मूळ फाइल द्या, स्टेप नको. सोबत एका पानाचं ड्रॉइंग, त्यावर प्रोजेक्शनची (फर्स्ट की थर्ड अँगल ती) खूण आणि २५ एच७ लिहिलेलं. कोणत्याही बॅचच्या वेळेत येऊन दाखवा, जादा फी नाही. ८० चं १०० तुमच्यासमोरच करू, भोकं मध्ये राहिली की त्याच वेळी सही करून देऊ. माउस तेवढा आणा.