वाड्यावरचे बोलावणे

आज दुपारी आमच्या कार्यालयात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निरोप समारंभ होता. गुच्छ देण्यासाठी सूत्रसंचालकांनी आस्थापना शाखेतल्या एका तरुण लिपिक मुलीचे नाव पुकारले. ती खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत व्यासपीठाकडे निघाली आणि तेवढ्यात त्यांनी पडद्यावरच्या निळू फुलेंसारखा आवाज घोगरा करून माइकवरून म्हटले, "बाई, वाड्यावर या!" सगळे सभागृह खदखदून हसले. टाळ्याही पडल्या. वर "निळूभाऊंना आमची आदरांजली" अशी पुस्ती जोडली गेली. मी चौथ्या रांगेत बसले होते. उठून काही बोलायला हवे होते, पण बोलले नाही. ते मनाला लागले आहे, म्हणून आता रात्री हे लिहीत बसले आहे.

निळू फुले या नटाचे आपण काय करून ठेवले आहे? चाळीस वर्षे ज्याने रंगभूमीवर आणि पडद्यावर काम केले, त्याचे आज आपल्याजवळ एक वाक्य आणि एक स्टिकर एवढेच उरले आहे. तेही अशा वाक्याचे, ज्यावर हसू येणे हीच मुळात लाजेची गोष्ट आहे.

माझी आई १९७२ साली, म्हणजे दुष्काळाच्या वर्षी, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाली. गावाचे नाव लिहीत नाही, कारण त्या घरातली माणसे अजून आहेत. आई तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि मारुतीच्या देवळामागे एका खोलीत एकटी राहत होती. दिवाळीनंतर एके रात्री, गाव निजल्यावर, गावच्या पुढाऱ्याचा गडी कंदील घेऊन दारात उभा राहिला. "बाई, मालकांनी वाड्यावर बोलावलंय. शाळंच्या कामाचं बोलायचंय." आई सांगते की आपण त्या गड्यापुढे हसलो, डोके दुखते आहे, सकाळी येते असे सांगितले, दार लावले, आणि मग शेजारच्या म्हातारीला हाक मारून दोघींनी ती रात्र भिंतीला टेकून बसून काढली. महिन्याभरात आईची बदली चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी झाली. पुढारी जिथे होता तिथेच राहिला.

हा प्रसंग आईने आम्हाला फार उशिरा सांगितला, आणि तो सांगायला कारण झाले निळू फुले. आमच्याकडे कृष्णधवल दूरदर्शन संच आला तेव्हा मी दहा वर्षांची असेन. एकदा 'सामना' हा चित्रपट लागला होता. आई ताटात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले, गावात आलेल्या मास्तराशी बोलू लागला आणि आईचा हात ताटातच थांबला. हिंदुराव ओरडत नव्हता, धमकीही देत नव्हता. तो पाहुणचार करत होता, आर्जवाने बोलत होता, मधूनच डोळे किंचित मिटून समोरच्या माणसाला तोलत होता. आई हळूच म्हणाली, "अगदी असंच बोलायचा तो. गोड." कोण, असे मी विचारले, तेव्हा तिने काही सांगितले नाही. पुढे मी कॉलेजात गेल्यावर सांगितले.

अभिनयाबद्दल मी शिकलेली नाही, पण त्या माणसाचे मोठेपण मला आईच्या त्या थांबलेल्या हातातून कळले. ज्या पुढाऱ्याला निळूभाऊंनी कधी पाहिलेही नव्हते, तो आईला त्यांच्यात दिसला. सत्ता ज्याच्या हातात असते त्याला आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. समोर मास्तराच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागूंसारखा नट, विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, आणि तरीही १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेलेल्या त्या चित्रपटात 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न घेऊन मास्तर उभा राहतो, तेव्हा आपली नजर हिंदुरावाच्या चेहऱ्यावरून हलत नाही. नकला करणाऱ्यांना हे कुठून कळणार? ते घसा खरवडतात, ओठ वाकडे करतात आणि डोळे वटारतात.

हा माणूस होता कोण, हे तुम्हा मंडळींना सांगायला नको, पण आज त्या सभागृहात हसणाऱ्यांपैकी एकाला तरी माहीत असेल का, याची मला शंका आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करत, आणि महिन्याच्या ८० रुपयांतले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला देत. सेवा दलाच्या कलापथकातून ते लोकनाट्याकडे आले, 'कथा अकलेच्या कांद्याची'ने नाव झाले, १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'मधल्या झेलेअण्णाने त्यांना पडद्यावर आणले. मग पाटील, सरपंच, सावकार यांची रांगच लागली. त्यातल्या कित्येक भूमिका एकसुरी होत्या आणि पोटासाठी केलेल्या होत्या, हे मान्य करते. काही चित्रपट तर बघवत नाहीत, हेही खरे.

पण १९७२ साली, ज्या वर्षी तो कंदील आईच्या दारात आला त्याच वर्षी, हा नट तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' हे नाटक करत होता. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून त्यांच्यावर राज्य करणारा, आणि आपण काय करतो ते तोंडावर सांगणारा सखाराम. कमलाकर सारंगांनी ते नाटक उभे केले, चंपा लालन सारंगांनी केली, सेन्सॉरने अडवले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सभ्य घरांतल्या लोकांना त्या नाटकाचा राग आला, कारण बाईला पुरुष कसे वागवतो ते तिथे उघड्यावर दिसत होते. त्याच सभ्य घरांतली पुढची पिढी आज "वाड्यावर या" म्हणून हसते. नाटकातला पुरुष दिसला तर संस्कृती बुडते आणि प्रत्यक्षातली मुलगी व्यासपीठाकडे चालत असताना तिला तेच ऐकवले तर तो विनोद होतो! लिहिताना माझा हात थरथरतो आहे, पण हे शब्द मागे घेणार नाही.

मला कुणीतरी खाली लिहीलच की एवढे मनावर कशाला घ्यायचे, त्या निमित्ताने नव्या मुलांना निळूभाऊंचे नाव तरी माहीत झाले. झाले असेल. पण त्याच मुलांना 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस माहीत आहे का? तोच चेहरा, तोच आवाज, पण १९७९ सालच्या त्या चित्रपटात तो सत्तेची घाण रोज जवळून बघणारा, थकलेला, सज्जन पत्रकार आहे, आणि शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. हिंदुराव आणि दिगू एकाच शरीरातून काढणे याला काय लागत असेल! हिंदीत 'सारांश'मधला त्यांचा गजानन चित्रेही पाहा. पुन्हा पुढारीच, पण तो शहरी आणि निराळ्या चालीचा.

आता जरा शांत झाले आहे, म्हणून आईचीच आणखी एक गोष्ट लिहिते. पडद्यावरच्या त्या माणसाचा तिला इतका तिटकारा होता की त्यांचे चित्र वर्तमानपत्रात आले तरी ती पान उलटत असे. मग एके दिवशी वडिलांनी तिला वाचून दाखवले की पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांना मानधन देता यावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहतो आहे, आणि त्यासाठी डॉ. लागू, निळू फुले ही मंडळी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत आहेत. आई म्हणाली, "हा? हा असली कामं करतो?" वडिलांनी मग तिला सेवा दलाचे सांगितले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात हा माणूस नरेंद्र दाभोलकरांसोबत असतो तेही सांगितले. आईला ते पटायला वेळ लागला. पण त्यानंतर 'सामना' पुन्हा लागला, तेव्हा तिने तो शेवटपर्यंत पाहिला. संपल्यावर म्हणाली, "त्यानं माझ्या बाजूनं केलंय हे काम." नटाला याहून मोठा पुरस्कार मला ठाऊक नाही, आणि त्यांना तर संगीत नाटक अकादमीचाही मिळाला होता.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा आईने दिवसभर रेडिओ चालू ठेवला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की निळूभाऊंनी तो वाड्यावरचा माणूस आपल्याला ओळखू यावा म्हणून उभा केला होता. त्याला पाहून प्रेक्षागृहातल्या बायका बोटे मोडत, शिव्या घालत, आणि त्या शिव्या त्या नटाने आयुष्यभर बिनतक्रार सोसल्या. आज आपण त्याच माणसाला लाडका केला आहे. त्याच्या तोंडचे बोलावणे आपण समारंभात, लग्नाच्या वरातीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या तोंडी देतो, आणि वर त्या नटाला आदरांजली वाहिल्याचे समाधान मिळवतो.

मघाशी आईला फोन केला होता. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. समारंभात काय झाले ते सगळे सांगितले. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग तिने एकच विचारले, "ती मुलगी हसली का गं?"

मी म्हटले, "हो, हसली."

"मीही हसलेच होते," आई म्हणाली.

उद्या कार्यालयात गेल्यावर मी आधी त्या मुलीच्या टेबलाशी जाणार आहे.