दोन वर्षांचं पोर जेवत नाही, भाजी थुंकतं, आणि दोष म्हणे भेंडीचा!

सकाळी बिस्किटं, मधे जत्रेतला खाजा (तो कडक तुकडा दोन वर्षांच्या पोराच्या घशात अडकू शकतो, ते वेगळंच!), वर बाटल्यांवर बाटल्या दूध. मग जेवायला भूक कुठून येणार? या वयात दिवसाला ५०० मिली दूध पुष्कळ झालं. त्यापुढे पोट भरतं आणि लोह कमी पडतं.

बरं, भेंडी तरी नीट करा! ओली चिरली की तार सुटते आणि पोर थुंकतं ते त्या बुळबुळीतपणाला. धुऊन फडक्याने कोरडी पुसा, मग चिरा. झाकण न ठेवता परता, एक आमसूल टाका, मीठ शेवटी. घावण्यात दुधी किसून घालायचा तर पिळून घाला, नाहीतर पाणी सुटून घावन उलटताना फाटतं. पिळलेलं पाणी पीठ भिजवायला वापरा. कोवळा लाल माठ शिजवून मऊभातात कालवा, भात गुलाबी होतो.

आणि एकदा थुंकलं की लगेच, "आमच्या बाबूला भाजी आवडतच नाही हो!" अहो, नवी चव रुळायला तीच भाजी १०-१५ वेळा ताटात यावी लागते. चमचाभरच वाढा. मोबाईल दाखवून कोंबू नका. आणि तो खाज्याचा पुडा आधी पोराच्या नजरेआड करा.