तो पिरॅमिड नाही, डोंगर आहे

गावाच्या ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. बर्फातून वर आलेलं काळं, चार बाजूंचं टोक, आणि खाली मजकूर: अंटार्क्टिकात माणसाने बांधलेला पिरॅमिड सापडलाय, तो जगापासून लपवलाय, म्हणून नकाशावर त्याला नाव नाही, आणि तिकडे कुणाला फिरकू देत नाहीत. दहावीतली हुशार पोरंसुद्धा हे खरं मानून बसलीत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फोटो खरा आहे. हा डोंगर एल्सवर्थ पर्वतराजीच्या दक्षिण भागात आहे, उंची १२६५ मीटर.

लपवला म्हणावं, तर ही पर्वतराजी अमेरिकन संशोधक लिंकन एल्सवर्थने १९३५ सालीच विमानातून पाहिली. पुढे अमेरिकन नौदलाने हवाई फोटो काढले, त्यांवरून १९६० च्या दशकात नकाशे झाले. जवळच्या पॅट्रियट हिल्सला तर १९८७ पासून निळ्या, टणक बर्फावर विमानं उतरत होती, गिर्यारोहकांचा तळ होता. याच पर्वतराजीतल्या माउंट विन्सनची उंची आधी ५१४० मीटर मानायचे. २००४ साली जीपीएसने मोजून ४८९२ जाहीर केली. लपवाछपवी करणारे आपल्या चुका अशा उघड दुरुस्त करतात का?

आता नावाचं. आपल्या तालुक्याची टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा डोंगर-दऱ्या दाखवणारा नकाशा, उघडा. कितीतरी डोंगरांवर नुसता उंचीचा आकडा दिसेल. त्यांची नावं गावकऱ्यांच्या तोंडी असतात, कारण तिथे गुरं चरतात, कवळ तोडतात, एखादं देवस्थान असतं. सर्वेक्षणवाल्यांनी विचारलं तरच ती कागदावर येतात. अंटार्क्टिकात विचारायला गावकरीच नाहीत. काम निघतं तेव्हा नाव पडतं: नमुना कुठून घेतला हे शास्त्रज्ञाला लिहायचं असतं, वैमानिकाला खूण सांगायची असते. मग त्या देशाची समिती नाव ठरवते आणि ते आंतरराष्ट्रीय नामकोशात जातं. आपल्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री तळाजवळच्या एका हिमनदीचं टोक वर्षानुवर्षं मोजलं. तिचं ‘दक्षिण गंगोत्री’ हे नाव आज अंटार्क्टिक कराराच्या संरक्षित क्षेत्र क्रमांक १६३ चं अधिकृत नाव आहे. बाकी असंख्य शिखरं बिननावाची आहेत, त्यातलंच हे एक.

आकाराचं गूढही नाही. उन्हाने काळा खडक तापतो, बर्फाचं पाणी फटीत शिरतं, सावली आली की गोठतं आणि साधारण ९ टक्के फुगतं. खडक फुटतो. लाखो वर्षं सगळ्या बाजूंनी हेच चाललं की कडा धारदार होतात. स्वित्झर्लंडचं मॅटरहॉर्न शिखर बघा, तेही असंच टोकदार आहे.

राहिली बंदी. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोत आहे. १९५९ च्या अंटार्क्टिक करारातलं सातवं कलम तर निर्णयाधिकार असलेल्या देशांच्या निरीक्षकांना अंटार्क्टिकात कुठेही, कधीही जाऊन तपासणी करायची मुभा देतं. भारत १९८३ पासून त्या देशांत आहे.