राजीखुशीनं विकताय ना?

सकाळी फॅमिली ग्रुपवर बडोद्यातल्या आमच्याच वाड्याची जाहिरात आली. दलालानं कुठेतरी टाकलेली, फिरत फिरत घरी परत. "दांडिया बाजारजवळ प्राइम जागा, 3400 चौरस फूट, जुनं बांधकाम, डेव्हलपमेंटसाठी उत्तम." सोबत चौकाचा फोटो, त्यात झोपाळा अर्धा कापलेला. आणि खाली पुण्याचा दादा लिहितो, "बघवत नाही गं. पूर्वजांची वास्तू."

बघवत नाही? दादा, तू वाडा शेवटचा बघितलास तो बाबांच्या तेराव्याला. पान वाढलं, जेवलास, चारच्या गाडीला निघालास. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीनं अर्धं बडोदं बुडवलं, त्याच पावसात आमची मागची भिंत बसली. तेव्हा ग्रुपवर हात जोडलेले पाच इमोजी आले होते. एक तुझाही होता.

मागच्या महिन्यात आईला घेऊन कचेरीत गेले होते. जुन्या शहराच्या बऱ्याच भागांत अशांत धारा आहे, बाहेरच्यांना हे माहीतच नसतं. दंगलींमुळे 'अशांत' ठरवलेल्या भागांसाठीचा गुजरातचा 1991 चा कायदा. कलेक्टरची मंजुरी मिळाल्याशिवाय घर विकता येत नाही. विकणारा मर्जीनं विकतोय ना, भाव रास्त आहे ना, हे तपासतात. समोरच्या माणसानं अगदी सरळ विचारलं, "बा, राजीखुशीथी वेचो छो ने?"

आई माझ्याकडे बघत राहिली. एकोणऐंशी वर्षांची बाई, साठ वर्षं बडोद्यात, गुजराती माझ्यापेक्षा चांगलं बोलते. प्रश्न कळला नाही असं नव्हतंच.

तर गळे काढणाऱ्यांनो, हिशोब ऐका. सात वारस. सिटी सर्व्हेच्या कार्डावर अजून आजोबांचंच नाव होतं, ते बदलायला दीड वर्ष गेलं. अमेरिकेतल्या भावाचं मुखत्यारपत्र दोनदा चुकून आलं. 2023 च्या एप्रिलमध्ये जमिनीची जंत्री, म्हणजे सरकारी दर, दुप्पट झाली, तेव्हापासून घेणारा दस्तावेजात किती दाखवायचे यावरच तासभर घालवतो. आणि वर म्हणतो, मोकळा प्लॉट असता तर भाव वाढवून दिला असता, पाडायचा खर्च मला येणार ना. म्हणजे घर आहे म्हणून किंमत कमी! जुन्या लाकडाचा व्यापारी मात्र येऊन सागाच्या तुळया टिचक्या मारून बघून गेला, त्याला त्या फुटावर हव्यात. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या शाळाखात्यात कारकून होते. 1906 ला राज्यभर शिक्षण सक्तीचं झालं, खातं वाढलं, माणसं वाढली, त्या पगारातून हा वाडा झाला. जाहिरातीत काय, तर "जुनं बांधकाम".

बिल्डर राक्षस नाही, मान्य. गल्लीत आता खाली गाळे आणि वर फ्लॅट अशाच इमारती आहेत, आणि त्यातल्या लोकांकडे पाणी वेळेवर येतं, हेही मान्य. मी स्वतः गोत्रीला चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद पडली की वॉचमनला फोन करून भांडते. वाड्यात परत राहायला जा म्हणाल तर मी जाणार नाही. झालं?

पण मग रडायचं तर त्या बाईनं रडावं, जिनं तो चौक साठ वर्षं झाडला. ती रडत नाही. कचेरीत त्या माणसानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पदर सारखा करत म्हणाली, "हा भाई, वेचवुं छे." विकायचंय. राजीखुशी हा शब्द तिनं घेतला नाही. त्यानं लिहून घेतलं, अंगठ्याचा ठसा घेतला, शाई पुसायला स्वतःचा कागद दिला. भला माणूस.

सात जणांपैकी एकानंही तिला हे विचारलं नव्हतं. त्यात मीही आले. मी तिला फक्त विचारलं होतं, "आई, सही कुठे करायची ते कळलं ना?"

दादा, सकाळी ग्रुपवर तुला जे उलट लिहिलं ते जरा जास्त झालं, काढून टाकते. पण तुझा हिस्सा खात्यात येईल तेव्हा आईला एक फोन कर. ग्रुपवर नको, फोन.

झोपाळा लाकूडवाल्याला द्यायचा नाही, एवढं आईनं सांगितलंय. माझ्या फ्लॅटच्या छताला पंख्यापुरताच हुक आहे. पाट सध्या पलंगाखाली ठेवलाय. पितळी कड्या गाडीच्या डिकीत आहेत, गोत्री रोडला प्रत्येक स्पीडब्रेकरवर वाजतात.