कुकरच्या शिट्टीतून प्रथिने उडत नाहीत

‘परदेशात राहा, आजीच्या हातचे पौष्टिक खा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. परदेशी राहणाऱ्या मुलामुलींनी आवडीचे पदार्थ अधिक आरोग्यदायी कसे करावेत, याच्या पाच सूचना त्यात आहेत. साखरेऐवजी गूळ वापरावा, म्हणजे मधुमेहींनाही पुरणपोळी चालते. साध्या मिठाऐवजी सैंधव घ्यावे, म्हणजे रक्तदाब वाढत नाही. कडधान्ये कुकरमध्ये न शिजवता स्लो कुकरमध्ये मंद आचेवर रात्रभर ठेवावीत. वडे एअर फ्रायरमध्ये करावेत. आणि भाजणीऐवजी ओट्सचे थालीपीठ लावावे. माझ्या बहिणीने तो साताऱ्याहून ओहायोत शिकणाऱ्या आपल्या लेकीला पाठवला. घेवड्याच्या उसळीची आठवण आली म्हणून भाचीने तिथल्या दुकानातून तांबडा राजमा आणला होता, आणि तो स्लो कुकरमध्ये लावून निर्धास्त झोपावे का, असे तिने मला विचारले. तिने विचारले हे बरे झाले, पण न विचारता लावणारे पुष्कळ असतील.

सुरुवात या तिसऱ्या सूचनेपासूनच केली पाहिजे, कारण बाकीच्या सूचनांचे दुष्परिणाम दिसायला वर्षे लागतील, हिचे तीन तासांत दिसू शकतात. संदेशाचे म्हणणे असे की कुकरच्या शिट्टीबरोबर कडधान्यातली प्रथिने वाफेतून उडून जातात. हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी कुकर उघडून पाहिला असेल का, अशी शंका येते. शिट्टीतून बाहेर पडते ती पाण्याची वाफ, आणि पाणी जास्त झाले असेल तर थोडा फेस, जो ओट्यामागच्या फरशीवर वाळून बसतो. प्रथिनांचे रेणू वाफ होऊन उडत नाहीत; उष्णतेने त्यांची रचना उलगडते आणि ती पचायला सोपी होतात. उष्णतेने काही जीवनसत्त्वे कमी होतात एवढे खरे आहे, पण ती रात्रभर शिजवतानाही कमी होतातच, आणि डाळ-कडधान्ये आपण जीवनसत्त्व ‘क’साठी खातही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही कडधान्यांसाठी उकळणे किंवा प्रेशर कुकर हेच चांगले मार्ग म्हणून सांगितले आहेत.

इथवरचा भाग हसून सोडून देता आला असता, पण राजम्याच्या बाबतीत ही सूचना धोकादायक आहे. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन, म्हणजे विषारी ठरू शकणारे एक प्रथिन, असते आणि तांबड्या राजम्यात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अन्नातून होणाऱ्या विषबाधांविषयी जी पुस्तिका काढली आहे, तिच्यात याचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते प्रकरण या संदेशासाठीच लिहिल्यासारखे वाटते. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा पुरतात; एक ते तीन तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू होतात, मागोमाग जुलाब लागतात. माणूस बहुतेक वेळा काही तासांत सावरतो, पण क्वचित रुग्णालयात न्यावे लागते. स्लो कुकरमध्ये शिजवलेल्या पदार्थांचे आतले तापमान अनेकदा ७५ अंश सेल्सिअसच्या वर गेलेच नाही, असे आढळल्याचेही तिथे नोंदवले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुमारे ८० अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्या राजम्याच्या पाचपटीपर्यंत विषारी ठरू शकतो. म्हणजे ज्या मंद आचेची संदेशात आरती ओवाळली आहे, ती विष नाहीसे करत नाहीच, उलट वाढवू शकते. शिवाय रात्रभरात दाणे बऱ्यापैकी मऊ झालेले असतात, त्यामुळे खाणाऱ्याला संशयही येत नाही.

आपला वाघ्या घेवडा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने याच जातीचा आहे, त्यामुळे गावाहून पिशवीतून आणलेल्या घेवड्यालाही हाच नियम लावावा. ‘आजी तर चुलीवर मंद शिजवायची’ हा युक्तिवाद मला ऐकवला गेला. चुलीवरचा घेवडा आधी रटरट उकळत असे, त्यानंतरच तो विस्तवावर सरकवला जाई. संदेशाने पहिला अर्धा भाग गाळून दुसरा तेवढा आजीच्या नावावर खपवला आहे. करायचे काय, ते अगदी सोपे आहे. दाणे निदान पाच तास, म्हणजे सोयीने रात्रभर, भिजवावेत, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळून उकळावेत किंवा नेहमीसारखे कुकरमध्ये शिजवावेत. त्यानंतर मसाला घालून स्लो कुकरमध्ये मुरत ठेवायचे असतील तर खुशाल ठेवावेत. ज्यांच्याकडे इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवर चालणारा बहुउपयोगी कुकर, आहे त्यांनी दाबाखाली शिजवण्याचे बटण दाबावे. त्याच भांड्यावर ‘स्लो कुक’चेही बटण असते आणि घोटाळा तिथेच होतो. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असल्यामुळे त्याची ही भीती नाही. फक्त तो चाळणीत धुऊन घ्यावा, म्हणजे खारवणातले बरेचसे मीठ निघून जाते.

गुळाबद्दल फार लिहायला नको. गुळाचा मोठा भाग साखरच असतो, कॅलरीही जवळपास तितक्याच असतात, आणि रक्तातली साखर वाढताना ती पांढऱ्या दाण्यांतून आली की पिवळ्या ढेपेतून, याची चौकशी शरीर करत नाही. गुळात थोडे लोह असते हे मान्य, पण लोहासाठी पुरणपोळ्या खाणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. मधुमेह असलेल्याने गुळाची पोळी साखरेच्या पोळीइतकीच मोजून खावी, आणि ‘गूळ चालतो’ असे सांगून वडीलधाऱ्यांच्या ताटात दुसरी पोळी वाढू नये.

सैंधवाचेही तेच आहे. रंग गुलाबी असला तरी ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच आहे, आणि रक्तदाबाचा संबंध त्यातल्या सोडियमशी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, त्यात सैंधवही धरायचे. परदेशात एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी लागते. अमेरिकेत मिठात आयोडीन घालणे सक्तीचे नाही, आणि सैंधवात ते सहसा घातलेले नसते. तेव्हा घरातले सगळेच मीठ बदलून टाकण्याआधी पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत.

एअर फ्रायरचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने कबूल केले पाहिजे. तळणीच्या तुलनेत तेल खरोखरच कमी लागते. पण बेसनाच्या सैल पिठात बुडवलेला बटाटेवडा त्या जाळीवर ठेवला की पीठ खाली गळते आणि वरचे पापुद्र्यासारखे वाळते. त्यापेक्षा आप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात थोडेसे तेल सोडून केलेला वडा कितीतरी चांगला होतो. साबुदाणावडा तिथेही उत्तम होतो, मात्र त्याला ‘डाएट’चा पदार्थ म्हणू नये, कारण तेल कमी केले तरी साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो आणि तो कमी होत नाही.

ओट्सविषयी माझे भांडण नाही. त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, याला चांगला आधार आहे. पण ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद आणि धने भाजून दळलेल्या भाजणीपेक्षा ते सरस ठरवण्याचे कारण काय, ते संदेशात कुठेही सांगितलेले नाही. भाजणी संपली असेल तर परदेशातल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात ज्वारीचे, बाजरीचे पीठ आणि बेसन मिळते. ती वेगवेगळी कोरडी भाजून, उडदाचे थोडे पीठ आणि धने-जिऱ्याची पूड मिसळली की काम भागते. त्यात मूठभर साधे, बिनसाखरेचे ओट्स दळून घालायला हरकत नाही. ओट्स पाणी जास्त ओढून घेतात, म्हणून पीठ नेहमीपेक्षा किंचित सैल भिजवावे आणि थापण्याआधी दहा मिनिटे झाकून ठेवावे.